कॅमलच्या इंटिग्रेशन टेस्टमध्ये मॉक एंडपॉइंटवर अपेक्षा कशा मांडाव्यात

अपाचे कॅमल ही वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकींना जोडणारी जावा लायब्ररी आहे. तिच्यातला एखादा राउट, म्हणजे मेसेजने जायचा ठरवून दिलेला मार्ग, तपासायचा म्हणजे त्याच्या पलीकडच्या टोकाला काय पोहोचले हे खात्रीने सांगता यायला हवे, आणि ते टोक बहुतेक वेळा आपल्या हातात नसते. तिथे कधी मेसेज क्यू असते, कधी दुसऱ्या विभागाची वेब सर्व्हिस, तर कधी एखादे फोल्डर, ज्यातल्या फाइल रात्री कोणीतरी उचलून नेते. कॅमलची पहिली आवृत्ती २००७ साली आली आणि या अडचणीवरचे उत्तर, म्हणजे मॉक कंपोनंट, जेमॉक या टेस्टिंग लायब्ररीच्या धर्तीवर तयार झाले. एंडपॉइंट म्हणजे मेसेज जिथून येतो किंवा जिथे जातो ते टोक, आणि मॉक म्हणजे टेस्टपुरते त्याच्या जागी ठेवलेले नकली टोक. मॉक एंडपॉइंट आपल्याकडे आलेला प्रत्येक मेसेज जपून ठेवतो, त्याच्याविषयी आधी सांगून ठेवलेल्या अपेक्षा लक्षात ठेवतो आणि विचारल्यावर त्या पूर्ण झाल्या की नाही हे सांगतो. तो फक्त मेसेज स्वीकारू शकतो. त्याच्यापासून राउट सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास कॅमल सरळ एक्सेप्शन फेकते.

हे सगळे सोपे वाटते, आणि पहिल्या दिवशी ते सोपे असतेही. पुढे मात्र दोन प्रकारच्या टेस्ट साचू लागतात: कधी पास तर कधी फेल होणाऱ्या, आणि कधीच फेल न होणाऱ्या. दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. त्यामुळे पुढच्या विवेचनात प्रत्येक अपेक्षेबाबत एकच प्रश्न वारंवार येईल: राउट चुकला तर ही अपेक्षा खरोखर मोडेल का?

उदाहरणासाठी पुस्तकांच्या वितरकाकडे येणाऱ्या ऑर्डरींचा राउट घेऊ. ऑर्डर एका फोल्डरमध्ये फाइल म्हणून येते. राउट ती तपासतो. सदोष ऑर्डर ‘नकार’ या एंडपॉइंटकडे जाते. बाकीच्यांपैकी ज्यांच्या ‘प्राधान्य’ या हेडरमध्ये (हेडर म्हणजे मेसेजसोबतची नाव-मूल्याची जोडी, बॉडी म्हणजे त्याचा मुख्य मजकूर) ‘तातडी’ असे मूल्य आहे त्या ‘तातडी’ क्यूत आणि उरलेल्या ‘सामान्य’ क्यूत जातात. शिवाय प्रत्येक ऑर्डरची एक प्रत वायर टॅपने, म्हणजे मूळ मेसेज न अडवता प्रत काढणाऱ्या टप्प्याने, ‘नोंद’ या एंडपॉइंटकडे वळवली जाते. साठा आहे की नाही हे विचारण्यासाठी मध्ये एका एचटीटीपी सेवेला विनंती केली जाते. मेथडांची नावे येथे वाचायला सोयीची म्हणून सुटी लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती जोडून, पहिला शब्द लहान अक्षराने आणि पुढचे शब्द मोठ्या अक्षराने सुरू करून लिहावीत.

आधी अपेक्षा, मग मेसेज

मॉकवर आधारलेल्या टेस्टचा क्रम ठरलेला आहे. ‘गेट मॉक एंडपॉइंट’ने मॉक हाती घ्यावा, त्याच्यावर अपेक्षा मांडाव्यात, नंतर ‘प्रोड्यूसर टेम्प्लेट’च्या ‘सेंड बॉडी’ किंवा ‘सेंड बॉडी अँड हेडर’ने मेसेज पाठवावा आणि सर्वांत शेवटी ‘असर्ट इज सॅटिस्फाइड’ बोलवावे. साध्या जेयूनिट टेस्टमध्ये आधी काम करायचे आणि नंतर निकाल ताडायचा, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की अनेक जण मेसेज आधी पाठवतात आणि अपेक्षा नंतर लिहितात. राउट पूर्णपणे एकाच थ्रेडवर चालत असेल आणि अपेक्षा फक्त संख्येची असेल, तर तेही चालून जाते, आणि तिथेच फसगत होते.

कारण मॉकच्या आतल्या कामकाजात आहे. संख्येची अपेक्षा मांडताच मॉक तेवढ्या आकड्याचा एक काउंट डाउन लॅच, म्हणजे शून्यावर येईपर्यंत थांबवून ठेवणारा गणक, तयार करतो आणि प्रत्येक मेसेज आल्यावर तो एकाने उतरवतो. तीन मेसेज अपेक्षित असताना त्यातला एक अपेक्षा मांडण्यापूर्वीच येऊन गेला असेल, तर लॅच शून्यावर कधीच उतरत नाही. पडताळणीच्या क्षणी तिन्ही मेसेज पोहोचलेले नसले तर मॉक पूर्ण मुदत संपेपर्यंत ताटकळतो आणि मग टेस्ट पास होते. म्हणजे निकाल बरोबर, पण दहा सेकंद वाया. बॉडीच्या अपेक्षेत तर निकालही चुकतो. ‘एक्स्पेक्टेड बॉडीज रिसीव्हड’ मांडलेले असेल तरच मॉक आलेल्या मेसेजची बॉडी तुलनेसाठी वेगळी काढून ठेवतो, आणि तेही मेसेज येण्याच्या क्षणी. अपेक्षा उशिरा मांडली तर तुलनेची यादी रिकामी असते आणि राउट निर्दोष असूनही टेस्ट फेल होते.

संख्या, आणि शून्याचा सापळा

‘एक्स्पेक्टेड मेसेज काउंट’ नेमकी संख्या सांगते, तर ‘एक्स्पेक्टेड मिनिमम मेसेज काउंट’ किमान संख्या. शक्य असेल तिथे नेमकी संख्याच द्यावी. किमान संख्येचा उपयोग टायमरवर चालणाऱ्या किंवा बाहेरून सतत भरत राहणाऱ्या राउटपुरता ठेवावा, कारण एकच ऑर्डर चुकून दोनदा गेली तर ‘किमान एक’ ही अपेक्षा ते बिनतक्रार पास करते.

मेसेज दुसऱ्या थ्रेडवरून येणार असतील, जसे सेडा क्यूतून (कॅमलच्या मेमरीतल्या, वेगळ्या थ्रेडवर रिकाम्या होणाऱ्या रांगेतून) किंवा वायर टॅपमधून येतात, तर ‘थ्रेड स्लीप’ लिहिण्याची गरज नाही. संख्या पूर्ण होईपर्यंत मॉक स्वतःच थांबतो, पूर्ण झाली की लगेच पुढे जातो आणि कमाल दहा सेकंद वाट पाहतो. ही मुदत ‘सेट रिझल्ट वेट टाइम’ने मिलिसेकंदांत बदलता येते. टेस्टमध्ये हाताने लिहिलेली दोन सेकंदांची झोप आपल्या लॅपटॉपवर पुरते आणि बिल्ड सर्व्हरवर ज्या दिवशी भार असतो त्या दिवशी पुरत नाही. शिवाय उरलेल्या सगळ्या दिवशी ती निष्कारण वेळ खाते.

शून्याची अपेक्षा मात्र वेगळी वागते. सदोष ऑर्डर पाठवल्यावर ‘तातडी’ क्यूत काहीही जाऊ नये, म्हणून आपण तिथे ‘एक्स्पेक्टेड मेसेज काउंट’ शून्य ठेवतो. पडताळणीच्या क्षणी मॉककडे शून्य मेसेज असतातच, त्यामुळे तो क्षणभरही न थांबता होकार देतो. राउटमध्ये सेडासारखा टप्पा असेल आणि चुकीचा मेसेज पन्नास मिलिसेकंदांनी तिथे पोहोचणार असेल, तर तोपर्यंत टेस्ट संपून गेलेली असते. यावर उपाय ‘सेट असर्ट पिरिअड’चा: अपेक्षा पूर्ण झाल्यानंतर मॉक तेवढा वेळ थांबतो आणि पुन्हा एकदा पडताळणी करतो. हाच उपाय जास्तीच्या मेसेजलाही लागू आहे. दोन अपेक्षित असताना दोन आल्याबरोबर मॉक समाधानी होतो आणि मागून रेंगाळत येणारा तिसरा त्याला दिसत नाही. असर्ट पिरिअड दिला तर दिसतो. त्याचे मूळ मूल्य शून्य असल्यामुळे ते आठवणीने द्यावे लागते.

असर्ट पिरिअडची अडचण अशी की तो प्रत्येक वेळी पूर्ण खर्च होतो. शून्याच्या अपेक्षा असलेल्या टेस्ट शेकड्यांनी असतील तर बिल्डचा वेळ वाढतो. अशा ठिकाणी ‘नोटिफाय बिल्डर’ वापरावा. मेसेज पाठवण्यापूर्वी ‘व्हेन डन’ ही अट घालून तो तयार करायचा, मेसेज पाठवल्यावर ‘मॅचेस’ला कमाल मुदत देऊन राउटचे काम आटोपल्याची खात्री करायची आणि मगच शून्याची पडताळणी करायची. काम संपल्याचा पुरावा हाती आल्यावर केलेली शून्याची पडताळणी विश्वासार्ह असते. नुसता वेळ गेल्यावर केलेली तेवढी नसते.

सगळे मॉक एकदम तपासण्यासाठी ‘मॉक एंडपॉइंट’ वर्गाची स्टॅटिक ‘असर्ट इज सॅटिस्फाइड’ कॅमल कॉन्टेक्स्ट (सगळे राउट चालवणारा ऑब्जेक्ट) देऊन बोलवता येते. ज्या मॉकवर एकही अपेक्षा मांडलेली नाही तो या तपासणीत निमूटपणे पास होतो, हे लक्षात असू द्यावे. आपल्या उदाहरणात तातडीची ऑर्डर पाठवताना चारही मॉकवर संख्या मांडणे योग्य: तातडी एक, नोंद एक, सामान्य शून्य, नकार शून्य. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, परंतु कंटेंट बेस्ड राउटरमधली (मेसेज पाहून वाट निवडणाऱ्या टप्प्यातली) अट उलटी लिहिली गेली किंवा ‘अदरवाइज’ची शाखा चुकीच्या जागी बंद झाली, तर ती चूक याच ओळी पकडतात.

बॉडी

‘एक्स्पेक्टेड बॉडीज रिसीव्हड’ला बॉडीची मूल्ये क्रमाने द्यायची. जितकी मूल्ये तितकी संख्या ही मेथड आपोआप ठरवते, म्हणून वेगळी संख्या मांडण्याची गरज उरत नाही. तीच मेथड दोनदा बोलवली तर दुसरी यादी पहिलीची जागा घेते. एका ओळीत पहिल्या ऑर्डरची आणि पुढच्या ओळीत दुसऱ्या ऑर्डरची अपेक्षा लिहून दोन्ही तपासल्या जातील असे समजणारा कोड मी अनेकदा रिव्ह्यूमध्ये परत पाठवला आहे.

क्रम या मेथडच्या अर्थाचाच भाग आहे. स्प्लिटरने ऑर्डरीतली पुस्तके वेगळी करून समांतर थ्रेडवर पाठवली असतील तर ती कोणत्या क्रमाने पोहोचतील याची हमी कोणी देत नाही, आणि तिथे ‘एक्स्पेक्टेड बॉडीज रिसीव्हड इन एनी ऑर्डर’ लिहावे. उलट, रीसिक्वेन्सरसारखा राउट क्रम लावण्यासाठीच असेल तर हा सैलपणा टेस्टचा जीवच काढून घेतो. तिथे क्रमवार अपेक्षा किंवा एखाद्या हेडरवर ‘एक्स्पेक्ट्स असेंडिंग’ योग्य. इडेम्पोटंट कन्झ्युमर, म्हणजे तोच मेसेज पुन्हा आल्यास गाळणारा टप्पा, तपासताना ‘एक्स्पेक्ट्स नो डुप्लिकेट्स’ला ऑर्डर क्रमांकाचे हेडर द्यावे. दोन वेगळ्या मॉकपैकी कोणाकडे मेसेज आधी पोहोचला हे मात्र यांपैकी कोणतीच मेथड तपासत नाही.

तुलनेपूर्वी मॉक आलेली बॉडी अपेक्षित मूल्याच्या प्रकारात बदलून पाहतो. यामुळे फाइलमधून आलेली बॉडी साध्या स्ट्रिंगशी ताडता येते आणि बाइट अॅरेसाठी वेगळी ओळ लिहावी लागत नाही. मात्र याच सोयीमुळे ‘५’ ही स्ट्रिंग आली तरी पूर्णांक ५ ची अपेक्षा पूर्ण होते. पुढच्या सिस्टिमला प्रकार महत्त्वाचा असेल, तर ‘मेसेज’ या मेथडला क्रमांक देऊन ‘बॉडी’वर ‘इज इन्स्टन्स ऑफ’ अशी अपेक्षा वेगळी मांडावी. बॉडी जावा ऑब्जेक्ट असेल तर तुलना त्याच्या ‘इक्वल्स’वर अवलंबून असते, ती लिहिलेली नसेल तर दिसायला तंतोतंत सारख्या दोन ऑर्डरी वेगळ्या ठरतात. जावा रेकॉर्ड वापरल्यास ही चिंता राहत नाही.

जेसन किंवा एक्सएमएल बॉडी पूर्ण स्ट्रिंग म्हणून ताडण्याचा मोह टाळावा. एखादी रिकामी जागा वाढली, दोन कींची अदलाबदल झाली किंवा निर्मितीची वेळ आत लिहिली गेली, की टेस्ट मोडते आणि राउटमध्ये काहीही बिघडलेले नसते. ज्या दोनतीन गोष्टी या राउटने घडवल्या तेवढ्याच तपासाव्यात: ‘मेसेज’ शून्यवर ‘जेसनपाथ’ किंवा ‘एक्सपाथ’ लावून ऑर्डर क्रमांक आणि एकूण रक्कम. प्रत्येक मेसेजसाठी वेगळी अट हवी असेल तर ‘एक्स्पेक्टेड मेसेजेस मॅचेस’ला प्रेडिकेटांची, म्हणजे खरे-खोटे ठरणाऱ्या अटींची, मालिका देता येते.

हेडर, आणि एकेका मेसेजवरची अपेक्षा

‘एक्स्पेक्टेड हेडर रिसीव्हड’ला नाव आणि मूल्य दिले की ती अपेक्षा त्या मॉककडे येणाऱ्या प्रत्येक मेसेजला लागू होते. वेगवेगळ्या नावांची हेडर अनेक ओळींत मांडता येतात आणि ती सगळी तपासली जातात. बॉडीच्या बाबतीत दुसरी ओळ पहिलीला पुसते, हेडरच्या बाबतीत ती तिच्यात भर घालते, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. संख्या मांडलेली नसेल तर ही मेथड किमान एक मेसेज गृहीत धरते. तीन मेसेजमध्ये एकाच हेडरची तीन वेगळी मूल्ये येणार असतील तर तिचा उपयोग नाही; त्यासाठी ‘एक्स्पेक्टेड हेडर व्हॅल्यूज रिसीव्हड इन एनी ऑर्डर’ आहे. एक्सचेंज म्हणजे मेसेज आणि त्याच्यासोबतची माहिती वाहणारा ऑब्जेक्ट; त्याच्या प्रॉपर्टीसाठी ‘एक्स्पेक्टेड प्रॉपर्टी रिसीव्हड’ याच पद्धतीने चालते.

‘मेसेज’ आणि ‘ऑल मेसेजेस’ या दोन मेथडी सर्वांत लवचीक आहेत आणि सर्वांत जास्त फसवतात. ‘मेसेज’ला शून्यापासून मोजलेला क्रमांक द्यायचा आणि पुढे ‘हेडर’, ‘बॉडी’, ‘कंटेन्स’, ‘इज नॉट नल’ अशी साखळी लावायची. पण ही साखळी संख्या मांडत नाही. मेसेज दुसऱ्या थ्रेडवरून येणार असेल आणि संख्या सांगितलेली नसेल, तर मॉक कोणाची वाट पाहायची हे न कळल्यामुळे लगेच पडताळणी करतो आणि टेस्ट फेल होते. ‘ऑल मेसेजेस’चा स्वभाव याच्या नेमका उलट आहे: एकही मेसेज आलेला नसेल तर ‘सगळ्या मेसेजमध्ये ऑर्डर क्रमांक आहे’ हे विधान तर्काने खरेच ठरते आणि टेस्ट पास होते. राउट पहिल्याच टप्प्यावर अडकला तरी हिरवा रंग कायम. म्हणून या दोहोंपैकी कोणतीही मेथड वापरताना त्याच मॉकवर नेमकी संख्या मांडणे हा नियमच करावा. रिव्ह्यूमध्ये ‘ऑल मेसेजेस’ एकटे दिसले तर टेस्ट परत करावी.

वेळेच्या अपेक्षाही याच साखळीत बसतात. ‘अराइव्ह्ज’, ‘नो लेटर दॅन’, आकडा, ‘सेकंड्स’, ‘बिफोर नेक्स्ट’ असे लिहून दोन मेसेजमधले अंतर तपासता येते. थ्रॉटलर किंवा डिलेअर (मेसेजचा वेग रोखणारे किंवा त्यांना उशीर लावणारे टप्पे) सोडून इतरत्र यांच्या वाटेला जाऊ नये.

खऱ्या एंडपॉइंटच्या जागी मॉक बसवणे

प्रॉडक्शनच्या राउटमध्ये ‘मॉक’ हा शब्द असता कामा नये. राउटला आणि त्यातल्या महत्त्वाच्या नोडना आयडी द्यावेत, आणि टेस्टमध्ये ‘अॅडव्हाइस विथ’ने राउट बदलून घ्यावा. ‘रिप्लेस फ्रॉम विथ’ने सुरुवातीचे फोल्डर काढून तिथे डायरेक्ट एंडपॉइंट (ज्याला टेस्टमधून थेट मेसेज देता येतो) बसवता येतो, ‘वीव्ह बाय आयडी’ने विशिष्ट नोडच्या जागी मॉक ठेवता येतो आणि ‘मॉक एंडपॉइंट्स अँड स्किप’ला नमुना देऊन, उदाहरणार्थ सगळे जेएमएस (मेसेज क्यूचे) एंडपॉइंट, एका फटक्यात मॉक करता येतात. हे सर्व कॉन्टेक्स्ट सुरू होण्याआधी व्हायला हवे. त्यासाठी टेस्टने अॅडव्हाइस विथ वापरणार असल्याचे आधी जाहीर करायचे, स्प्रिंग बूटमध्ये ‘यूज अॅडव्हाइस विथ’ हे अॅनोटेशन लावायचे, आणि बदल झाल्यावर कॉन्टेक्स्ट स्वतः सुरू करायचा.

‘मॉक एंडपॉइंट्स’ आणि ‘मॉक एंडपॉइंट्स अँड स्किप’ यांत गल्लत करू नये. पहिली मेथड मेसेज मॉककडे पाठवते आणि नंतर खऱ्या एंडपॉइंटकडेही जाऊ देते. त्या टोकाला ईमेल किंवा एसएमएस असेल तर टेस्ट पास होते आणि ग्राहकाला ‘चाचणी १२३’ नावाची ऑर्डर मिळाल्याचा निरोपही जातो.

अशा मॉकचे नाव मूळ पत्त्यावरून बनते: पुढे ‘मॉक’ आणि कोलन लागते, प्रश्नचिन्हानंतरचे पॅरामीटर गळून जातात. नाव लिहिण्यात चूक झाली तर ‘गेट मॉक एंडपॉइंट’ तक्रार करत नाही. त्या चुकीच्या नावाचा नवा मॉक तयार करून देते. एका मेसेजची अपेक्षा असेल तर दहा सेकंदांनी टेस्ट फेल होते आणि निदान शोध तरी सुरू होतो. शून्याची अपेक्षा असेल तर ज्याच्याकडे काहीही येणे शक्य नाही अशा मॉककडे काही आले नाही, म्हणून टेस्ट कायम पास होत राहते. म्हणून शून्याच्या अपेक्षांसाठी ‘गेट मॉक एंडपॉइंट’चा दुसरा पॅरामीटर ‘फॉल्स’ द्यावा. मग तो एंडपॉइंट अस्तित्वात नसल्यास लगेच एक्सेप्शन येते.

मॉकने उत्तर देणे आणि चुकणे

साठ्याची चौकशी करणारी एचटीटीपी सेवा मॉक केली की राउटला उत्तरही द्यावे लागते. अन्यथा जी बॉडी गेली तीच पुढे चालत राहते. स्थिर उत्तरासाठी ‘रिटर्न रिप्लाय बॉडी’ पुरते. विनंतीनुसार उत्तर बदलायचे असेल तर ‘व्हेन एनी एक्सचेंज रिसीव्हड’ला प्रोसेसर द्यावा आणि त्यात बॉडी व स्टेटसचे हेडर ठेवावे. खरी सेवा बाइटचा प्रवाह परत करते आणि आपला मॉक तयार स्ट्रिंग, हा फरक राउटमधल्या रूपांतराच्या चुका लपवू शकतो. म्हणून मॉकचे उत्तरही इनपुट स्ट्रीम म्हणूनच द्यावे.

रीडिलिव्हरी, म्हणजे फसलेला टप्पा पुन्हा करून पाहणे, तपासणे हा मॉकचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग आहे, कारण खऱ्या सेवेला हवे तेव्हा बंद पडायला सांगता येत नाही. समजा राउटच्या डेड लेटर चॅनलमध्ये, म्हणजे वारंवार फसलेले मेसेज बाजूला वळवणाऱ्या व्यवस्थेत, ‘मॅक्सिमम रीडिलिव्हरीज’ २ दिले आहेत आणि डेड लेटरचा पत्ता ‘नकार’ आहे. पहिल्या टेस्टमध्ये ‘व्हेन एक्सचेंज रिसीव्हड’ला क्रमांक १ देऊन कनेक्शनचे एक्सेप्शन फेकावे आणि बाकीच्या वेळांसाठी ‘व्हेन एनी एक्सचेंज रिसीव्हड’ने नीट उत्तर द्यावे. इथे साठ्याच्या मॉकवर अपेक्षित संख्या २ येते, कारण फसलेला प्रयत्नही मॉकच्या लेखी आलेला मेसेजच असतो. तातडी १, नकार ० आणि नोंद १. दुसऱ्या टेस्टमध्ये प्रत्येक वेळी एक्सेप्शन फेकावे: साठ्याच्या मॉकवर ३, म्हणजे मूळ एक आणि पुन्हा केलेले दोन, तातडी ०, नकार १. वायर टॅप साठ्याच्या चौकशीच्या आधी असेल तर नोंद १ राहते आणि नंतर असेल तर शून्य. अपयशी ऑर्डरीची नोंद व्हावी की नाही हा प्रश्न बहुधा कोणी विचारलेलाच नसतो, आणि ही संख्या लिहिताना तो विचारावा लागतो.

इथे क्रमांकांचा एक खोडसाळपणा आहे. ‘व्हेन एक्सचेंज रिसीव्हड’ एकपासून मोजते, तर आधी पाहिलेली ‘मेसेज’ शून्यापासून. शून्य क्रमांकाला प्रोसेसर लावला तर तो कधीच चालत नाही, एक्सेप्शन फेकले जात नाही आणि रीडिलिव्हरीची टेस्ट एकही रीडिलिव्हरी न होता पास होऊ शकते; अर्थात साठ्याच्या मॉकवर नेमकी संख्या २ मांडलेली नसेल तर. दोन प्रयत्नांमधला विलंब मुळात एक सेकंदाचा असतो, तो टेस्टमध्ये शून्यावर आणावा. डेड लेटर चॅनल नसेल आणि एक्सेप्शन हाताळले गेले नसेल, तर ‘सेंड बॉडी’ स्वतःच एक्सेप्शन फेकते आणि पुढच्या पडताळणीच्या ओळीपर्यंत टेस्ट पोहोचत नाही. ‘असर्ट थ्रोज’मध्ये ती ओळ गुंडाळून पडताळणी बाहेर ठेवावी.

सामायिक कॉन्टेक्स्ट, प्रती आणि मेमरी

स्प्रिंग एका टेस्ट वर्गातल्या अनेक टेस्टसाठी तोच कॉन्टेक्स्ट पुन्हा वापरते. मग पहिल्या टेस्टचे मेसेज आणि अपेक्षा मॉकमध्ये तशाच राहतात आणि टेस्टचा क्रम बदलला की निकाल बदलतो. प्रत्येक टेस्टपूर्वी ‘रीसेट मॉक्स’ला कॉन्टेक्स्ट देऊन सगळे मॉक कोरे करावेत. रीसेटने आपण लावलेले उत्तराचे प्रोसेसरही निघून जातात, त्यामुळे ते त्यानंतर पुन्हा लावावे लागतात.

मेसेज आल्यावर मॉक एक्सचेंजची प्रत ठेवतो, जेणेकरून राउटने पुढे हेडर बदलले तरी मॉकला मूळ स्थिती दिसावी. बॉडीत बदलता येण्याजोगा जावा ऑब्जेक्ट असेल तर मात्र दोन्ही प्रती त्याच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. मॉकच्या पुढच्या टप्प्यावर त्या ऑर्डरीची स्थिती ‘पाठवली’ अशी बदलली, तर पडताळणीत मॉकलाही ‘पाठवली’च दिसते आणि चुकीचा टप्पा तपासला जातो. अशा वेळी बॉडीतले हवे ते मूल्य ‘व्हेन एनी एक्सचेंज रिसीव्हड’च्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे मेसेज आल्याच्या क्षणी, वेगळ्या यादीत टिपून घ्यावे.

मोठ्या भाराच्या टेस्टमध्ये मॉक प्रत्येक एक्सचेंज मेमरीत धरून ठेवतो. ‘रिटेन फर्स्ट’ आणि ‘रिटेन लास्ट’ने सुरुवातीचे व शेवटचे मोजकेच ठेवता येतात, ‘गेट रिसीव्हड काउंटर’ तरीही एकूण खरा आकडा सांगतो, पण मधल्या मेसेजच्या बॉडीवरच्या अपेक्षांना अर्थ उरत नाही.

टेस्ट फेल झाली की मॉकचा निरोप नावाने सुरू होतो: कोणता मॉक, अपेक्षित किती आणि आले किती. ‘अपेक्षित १, आले ०’ असे दहा सेकंदांनी कळले तर राउट मध्येच थांबला आहे किंवा मॉकचे नाव चुकले आहे असे समजावे. ‘अपेक्षित १, आले २’ असेल तर रीडिलिव्हरी, दुहेरी वाट किंवा रीसेट न केलेला मॉक यांपैकी एक. नवी टेस्ट मर्ज करण्याआधी राउट मुद्दाम बिघडवून पाहावा: प्राधान्याची अट उलटी करावी, वायर टॅपची ओळ काढावी, रीडिलिव्हरीचा आकडा एकने वाढवावा. प्रत्येक वेळी ठरलेल्या मॉकनेच तक्रार केली पाहिजे. अट उलटी केल्यावर तातडी आणि सामान्य हे दोन्ही मॉक मोडायला हवेत, म्हणून कॉन्टेक्स्टवरची एकत्र पडताळणी पहिल्यापाशीच थांबली तर दुसऱ्या मॉकवरची ‘असर्ट इज सॅटिस्फाइड’ वेगळी चालवून बघावी.